स्क्रू फिरवा आणि निवांत राहा

समजा तुमच्याकडे २००४ची एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी गाडी आहे, लाखाच्या वर किलोमीटर झालेत, आणि स्वारगेटच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना ती आपली आपणच रेस होतेय, मिनिटाला बाराशे फेरे, पंधराशे, मग धाडकन आठशे, परत पंधराशे, आणि शेजारचा रिक्षावाला तुमच्याकडे बघतोय की ह्या माणसाला एवढी कसली घाई. ह्याला गॅरेजवाले हंटिंग म्हणतात. घाबरू नका. फक्त एक पथ्य पाळा, कारण शोधायच्या फंदात पडू नका. कारण बऱ्याचदा एखाद्या रबरी पाईपचं निघतं, शे-दोनशे रुपयांचं, आणि मग तोपर्यंत केलेल्या खर्चाचं घरी काय सांगायचं?

आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाका. दहा मिनिटांत अकरा निदानं येतील. पूर्वी सगळ्याचं खापर पेट्रोलमधल्या रॉकेलवर फुटायचं, आता इथेनॉलवर फुटतं, बिचाऱ्याचा काही दोष असो नसो. मग पेट्रोलच्या टाकीत ओतायची ती इंजेक्टर क्लीनरची बाटली आणा. एकीने फरक पडला नाही तर दुसरी ओता, इंजेक्टर चकाचक होतील, तसे ते आधीही बरेच होते.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, म्हणजे ईसीएम, गाडीचा तो इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सगळं विसरेल. दहा मिनिटं म्हणणारे आहेत, रात्रभर म्हणणारे आहेत. ईसीएम खरंच विसरतो, घड्याळ विसरतं, टेपमधली स्टेशनं विसरतात, फक्त फाटलेला पाईप काही विसरत नाही, सकाळी गाडी परत तेच नाचते. ऑनलाइन मिळतो तो चारशेचा ब्लूटूथ स्कॅनरही घ्याच. आपल्याकडे गाड्यांना ओबीडीची, म्हणजे स्कॅनरने बिघाड वाचायच्या सोयीची, सक्ती व्हायला २०१० उजाडलं, तुमची गाडी त्याआधीची, त्यामुळे मोबाईलवर ते ‘कनेक्टिंग’ गोल गोल फिरताना बघण्यात दोन संध्याकाळ छान जातात. मग अंदाजाने ऑक्सिजन सेन्सर बदला. का, असं विचारू नका, महाग आहे म्हणजे तोच असणार.

एवढ्यात कोणीतरी शहाणा भेटेलच. तो सांगेल की दादा, ह्या गाडीत कार्बोरेटर नाही, आयडलिंगची, म्हणजे इंजिन उभ्या जागी नुसतं फिरतं तेव्हाची, हवा ईसीएमच ठरवतो, थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप बंद असताना बाजूच्या छोट्या वाटेने हवा जाते आणि तिथला व्हॉल्व्ह ती कमी-जास्त करतो. आता कुठला तरी पाईप फाटून चोरहवा आत यायला लागली की मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा, सेन्सर म्हणतो हवा वाढली, ईसीएम म्हणतो मग पेट्रोल वाढवा, रेस चढते. ईसीएम व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो तरी रेस उतरत नाही. मग त्याला वाटतं की अरे, पाय तर ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन एवढं पळतंय, म्हणजे गाडी उतारावर असणार, आणि तो पेट्रोलच तोडतो. रेस पडते, इंजिन बंद पडेल म्हणून परत पेट्रोल सोडतो, परत चढते. झाला तुमचा नाच. आणि पाईपला काही सेन्सर नसतो, त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही.

ऐकून घ्या, चहा पाजा आणि वाटेला लावा. असल्या माणसामुळे गॅरेजं बंद पडतील.

तुम्ही आपल्या जुन्या मेकॅनिककडे जा, ज्याने आयुष्यभर कार्बोरेटर कानाने लावले. तो बॉनेट उघडेल, मान तिरकी करून ऐकेल आणि थ्रॉटल बॉडीवरचा तो बारका स्क्रू शोधून काढेल, डोक्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका असलेला. तो ठिपका कंपनीने ‘ह्याला हात लावू नका’ म्हणून दिलेला असतो, म्हणजे खरी गंमत तिथेच असणार, नाही का. स्क्रू ड्रायव्हर लावला, किंचित जोर, पेंट कट् करून तुटला, अर्धा फेरा आत, अजून थोडा. आणि नाच थांबला! एकदम थांबला! रेस स्थिर. सोळाशेवर आहे, पण स्थिर आहे, आणि तुम्ही तक्रार काय केली होती, स्थिर राहत नाही हीच ना?

(तो शहाणा अजून टपरीवरच असेल तर म्हणेल की नाच थांबला कारण झडप उघडी राहिल्यामुळे ईसीएमला आता तुमचा पाय कायम ॲक्सिलरेटरवर आहे असंच वाटतंय, त्याने आयडलिंगचा नादच सोडला. सोडू दे की.)

फायदे बघा. ट्रॅफिकमध्ये पहिला गिअर टाका, क्लच सोडा, गाडी स्वतःहून चालते, लोक ह्या फीचरला लाखभर जास्त मोजतात. पेट्रोल जरा जास्त पितं, म्हातारपणी भूक लागतेच. खंबाटकी उतरताना गिअरमध्ये सोडली तरी गाडी आवरत नाही, कारण ईसीएम पेट्रोल तोडायला तयारच नाही, आणि चोरहवा ज्या पाईपमधून येतेय तो नेमका इंजिनच्या ओढीने ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेक लागतो, दुसऱ्यांदा जड, तिसऱ्यांदा पॅडल म्हणजे दगड. दोन्ही पाय देऊन उभं राहायचं. मागच्या सीटवर आई देवाचं नाव घ्यायला लागते, ते एरवी प्रवासात राहून जातं.

चार महिन्यांनी कधीतरी, पंक्चर काढायला म्हणून थांबाल आणि तिथला विशीतला पोरगा ‘काका, फुस्स आवाज येतोय’ म्हणत न विचारता बॉनेटमध्ये वाकेल. बूस्टरचा पाईप मॅनिफोल्डला लागतो तिथे क्लिपच्या मागे खालच्या बाजूने उभी चीर, वरून दिसत नाही, बोट फिरवलं की लागते. तो चिमट्याने पाईप दाबेल, फुस्स बंद, रेस झपकन चारशेने खाली. चीर गेली तेवढा पाईप कापेल, उरलेला परत चढवेल, क्लिप आवळेल, नवीन टाकून घ्या म्हणेल, वीस रुपये द्या म्हणेल. मग कपाळाला आठ्या घालून परत आत बघेल, कारण रेस अजून बाराशेलाच अडकलेली.

‘काका, ह्या स्क्रूचा पेंट तुटलाय. कोणी फिरवला? मूळ कुठे होता?’

तेव्हा गडबडू नका. रस्त्याकडे बघा, खिशातून वीसची नोट काढा आणि सांगा, सेकंडहँड घेतलीय, तेव्हापासून तसाच आहे.