योइदोचे दगड कुठून आले

पुण्यात मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पावरून वाद पेटला, की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सोलच्या हान नदीचे छायाचित्र हमखास येते आणि त्याखाली मला प्रश्न असतो, "तू तर तिथेच राहतोस, मग तुझा आक्षेप कशाला?" चित्रात बहुधा योइदो असते. हान नदीतले हे बेट, त्यावरचे काचेचे मनोरे, काठाने सायकलींचा रस्ता आणि चेरीचा बहर. चित्र खोटे नाही. मी स्वतः रविवारी तिथेच फिरतो, आणि मुठेच्या काठाने राडारोडा व दुर्गंधी चुकवत चाललेले दिवस आठवून मला पुण्याबद्दल वाईटही वाटते.

मात्र साठच्या दशकापर्यंत योइदो हा पुरात बुडणारा वाळूचा पट्टा होता. जपानी राजवटीत तिथे एक धावपट्टी झाली, एवढीच त्याची नागरी ओळख. 'बुलडोझर' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले तेव्हाचे महापौर किम ह्यन-ओक यांनी १९६८ मध्ये अवघ्या ११० दिवसांत त्याभोवती सुमारे साडेसात किलोमीटरचा बांध घातला. बांधाला दगड हवा होता, म्हणून शेजारचे बामसॉम हे छोटे बेट फेब्रुवारीत सुरुंग लावून फोडण्यात आले. त्यावरच्या ६२ कुटुंबांना, म्हणजे ४४३ माणसांना, पलीकडच्या वाउ टेकडीच्या पायथ्याशी हलवले; नावा बांधणे हा त्यांच्यातल्या अनेकांचा पिढीजात धंदा होता, आणि टेकडीवर नावा बांधता येत नाहीत. दोनच वर्षांनी, एप्रिल १९७० मध्ये, त्याच टेकडीवर घाईने उभारलेल्या वाउ वसाहतीची एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली आणि महापौरांना पद सोडावे लागले. योइदोवर मात्र १९७५ मध्ये संसद आली, १९७९ मध्ये शेअर बाजार, १९८५ मध्ये '६३ बिल्डिंग' हा मनोरा.

छायाचित्रात पावसाळा नसतो, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. जुलैत हान चढली, की काठची उद्याने बंद होतात, सायकलींचा तोच रस्ता पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर त्यावरचा गाळ पंपाने धुऊन काढतात. १९७६ मध्ये बांधलेला जामसू पूल तर बुडण्यासाठीच बांधला आहे. पुण्यात मुठेवरचा भिडे पूल बुडाला, की आपण हसतो. इथे पूल बुडणे हा नियोजनाचाच भाग आहे. योइदोचा बांध उंच आहे, पण त्याच्या बाहेरचा काठ नदीचाच ठेवला आहे, आणि ती नदी सुमारे किलोमीटरभर रुंद आहे.

मुठेला ती रुंदी नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला, की काय होते हे जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीने घरांत पाणी शिरताना पाहिले. प्रकल्पाच्या विरोधकांचे म्हणणे एवढेच आहे, की पात्रात भराव घालून काठ बांधले तर पुराची पातळी वाढेल; त्याला उत्तर निळ्या आणि लाल पूररेषेच्या, म्हणजे पुराचे पाणी कुठवर पोहोचू शकते हे दाखवणाऱ्या रेषांच्या, हिशेबाने द्यावे, सोलच्या छायाचित्राने नव्हे. दुर्गंधी हा तर सांडपाण्याचा प्रश्न आहे, आणि शुद्धीकरणाआधी पदपथ बांधण्याची घाई मला सोलमध्ये राहूनही समजलेली नाही.

बामसॉम मात्र परत आले. नदीने आणलेला गाळ फोडलेल्या खडकांवर साचत गेला, त्यात वाळुंज रुजले, पक्षी उतरले, आणि २०१२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. माणसांना तिथे जाण्यास मनाई आहे. अपवाद जुन्या रहिवाशांचा: चुसॉक या कोरियन सुगीच्या सणाच्या आगेमागे काही वर्षी त्यांना नावेने तिथे नेतात, ते पूर्वजांसाठी नैवेद्य मांडतात, आणि नदीपलीकडे संसदेचा घुमट दिसत असतो.