फी माफ म्हणजे नक्की किती माफ?

बहिणीच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनसाठी नाशिकात गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत कॉलेजं पालथी घातली आणि डोकं फिरलं. प्रत्येक काउंटरवर एकच टेप, "स्कॉलरशिप आहे ना, टेन्शन घेऊ नका." अहो पण हातातून किती जाणार ते सांगा ना! राज्य सरकारच्या २०२४ च्या जीआरने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केलीय, मग डेव्हलपमेंट फी, बस, होस्टेल, डिपॉझिट हे कोण भरणार? एकाने कागदावर नुसती ट्यूशन फी लिहिली, दुसऱ्याने सगळं एकत्र, तिसरा म्हणे "आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे आले की परत देऊ", म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरून पैसे आले की. कुठून भरू? पप्पा सातपूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जाण्यात दोन खाडे झाले, त्या दोन दिवसांचा पगार गेला तो वेगळाच. आणि कॅप राउंडमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) सीट कन्फर्म करायला हातात मोजके दिवस, त्यात हा हिशोब आम्ही रात्री वहीत मांडत बसायचा. मम्मीने तीनदा विचारलं, "मग स्वस्त कोणतं रे?" मला सांगता आलं नाही. चार वर्षांचा एकूण खर्च, माफी वजा करून, एका कागदावर लिहून द्यायला काय जातं यांचं?