पहिल्या वेलांटीचा माणूस

माझे नाव अनिल आहे. तीन अक्षरे, त्यांत एकच वेलांटी, आणि तीही पहिली. इतक्या काटकसरीने ठेवलेले नाव लिहिताना कोणाची धांदल उडेल, असे माझ्या आईवडिलांना स्वप्नातही वाटले नसेल. प्रत्यक्षात त्या एका वेलांटीने मला आयुष्यभर रांगांमध्ये उभे केले आहे. ती गळाली की मी अनल होतो, लांबली की अनील होतो, आणि लिहिणाऱ्याच्या कानात आधीच कोणी सुनील ठाण मांडून बसलेला असेल, तर बिनतक्रार सुनीलही होतो.

अलीकडे हाती पडलेल्या ओळखपत्रावर मी अनल होतो. दुरुस्तीच्या खिडकीपाशी पाऊण तास तिष्ठल्यावर माझा क्रमांक लागला, तेव्हा आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "अर्थ तोच ना? मग काय बिघडलं?"

अर्थ तोच नाही. अनिल म्हणजे वारा आणि अनल म्हणजे अग्नी. पण मागे पंधरा माणसे सुस्कारे टाकत असताना व्युत्पत्ती सांगायला मोठे धैर्य लागते, आणि ते माझ्यापाशी नव्हते. शिवाय मनातल्या मनात त्या गृहस्थांना थोडे माफही करावे लागले, कारण हा घोळ त्यांनी सुरू केलेला नाही. महाभारतात आठ वसूंची नावे येतात ती अशी : धर, ध्रुव, सोम, अह, अनिल, अनल, प्रत्यूष आणि प्रभास. अनिल आणि अनल एकापाठोपाठ! त्या घरात एकाला हाक मारली की दोघेही "ओ" देत असणार. भावाभावांत वाकडे मात्र नसावे, कारण संस्कृतात अग्नीला वायुसख, म्हणजे वाऱ्याचा मित्र, असेही म्हणतात. जुने पंडित 'अनल' शब्दाची फोड मोठी मजेदार करतात : ज्याला 'अलम्', म्हणजे 'पुरे', असे कधी वाटतच नाही, तो अनल. कितीही लाकडे घाला, त्याची भूक भागत नाही. माझे तर पाऊण तासातच पुरे झाले होते; त्यामुळे मी अनल नाही, हे त्या खिडकीपाशीच सिद्ध झाले होते, फक्त त्याची नोंद घेण्याची सोय त्या अर्जात नव्हती.

घरी येऊन मी कोश उघडले. नावासाठी भांडायचे, तर नाव भांडण्याच्या लायकीचे आहे की नाही, ते तरी पाहावे. सुरुवात फार सुखावह झाली. अनिल ज्यापासून झाला, त्या 'अन्' धातूचा अर्थ श्वास घेणे, जगणे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान हे पाचही वायू याच धातूचे. अमरकोशात मला मातरिश्वा, सदागती, गंधवह आणि प्रभंजन अशा भारदस्त मंडळींच्या पंक्तीत बसवलेले आहे. मलय पर्वतावरून चंदनाचा सुगंध घेऊन येणारा वारा तो मलयानिल; कवींनी त्याला इतके राबवले आहे की त्याला दम लागला असेल. आत्माराम रावजी देशपांडे या आपल्या मोठ्या कवीने तर अनेक नावांतून हेच टोपणनाव उचलले. मी छाती फुगवून हे सारे चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवले.

तिथे चिरंजीवांनी तोंड घातले. लॅटिनमध्ये याच कुळातला 'अनिमा' हा शब्द आहे, त्याचा अर्थ श्वास किंवा जीव, आणि त्यावरून पुढे 'ॲनिमल' हा शब्द आला, असे त्याने मोबाइलमध्ये पाहून जाहीर केले. "म्हणजे बाबा, तुम्ही आणि ॲनिमल चुलतभाऊ." मी त्याला गंभीरपणे समजावले की आपला 'प्राणी' हा शब्दही 'प्र' उपसर्ग लावून त्याच 'अन्' धातूपासून झालेला आहे, दोन्हीकडे श्वास घेणारा तो प्राणी, आणि दोन भाषांनी एकाच विचाराने एकच वाट धरावी हे किती विलक्षण आहे. ही माहिती माझ्या बाजूने मांडायची होती; ती त्याच्या बाजूने गेली हे मला दुसऱ्या दिवशी कळले, जेव्हा त्याचे मित्र मला पाहून उगाच नम्रपणे हसले.

पुढचा घाव आयुर्वेदाने घातला. तिथे 'अनिल' हा वातदोषाचा पर्यायशब्द आहे, आणि चरकसंहितेत निव्वळ वाताचे विकार 80 मोजलेले आहेत; पित्ताचे 40 आणि कफाचे 20. म्हणजे पित्त आणि कफ यांनी हातमिळवणी केली तरी अनिलच भारी. हे ऐकून बायको एवढेच म्हणाली, "त्यासाठी कोश कशाला हवेत? तुम्ही मला किती वर्षं वात आणलाय, ते मी तोंडी सांगते."

मग मी उपनिषदांचा आश्रय घेतला. ईशोपनिषदात 'वायुरनिलममृतमथेदं भस्मान्तं शरीरम्' असे वचन आहे. अनिल आणि अमृत शेजारी शेजारी! मी हर्षभरित होऊन पुढचे दोन शब्द वाचले आणि गप्प बसलो. शरीराचा शेवट भस्मात व्हायचा, म्हणजे जन्मभर अनिल म्हणून मिरवले तरी अखेरीस ताबा अनलाकडेच जाणार. ओळखपत्र करणाऱ्याला बहुधा जरा घाई झाली होती.

दुसऱ्या खेपेला ओळखपत्रावर 'अनील' असे आले. मी हरकत घेताच गृहस्थ म्हणाले, "मराठीत शेवटून दुसरी वेलांटी दीर्घच असते, साहेब. वकील पाहा, जमीन पाहा." नियम बरोबर होता, फक्त संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांना तो लागू नाही, हा अपवाद त्यांच्या खिडकीपर्यंत पोचला नव्हता. बरे, उच्चाराचा आधार घ्यावा, तर सारा महाराष्ट्र मला 'अनीऽल' अशीच हाक मारतो. 'अनील' म्हणजे जो निळा नाही तो, आणि हे वर्णन माझ्या बाबतीत खोटे आहे असेही म्हणता येईना. गंमत पुढेच आहे. आपली नीळ अरबीत 'अन्-नील' झाली आणि तिथून पोर्तुगीज भाषेत 'अनिल' झाली. म्हणजे तिकडे ऱ्हस्व-दीर्घ कसेही म्हणा, मी निळाच. निळीपासून काढलेल्या एका द्रवाला 1840 साली ॲनिलिन हे नाव मिळाले ते त्यावरूनच, आणि 1856 साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन त्याच ॲनिलिनवर प्रयोग करत क्विनीन हे हिवतापावरचे औषध बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. मी नाव बनवायला गेलो होतो. माझ्या तोंडाचा रंगही साधारण तसाच झाला होता.

तिसरा अर्ज मी स्वतः ठसठशीत अक्षरांत भरला आणि खाली टीप लिहिली : "पहिली वेलांटी. ल नंतर काहीही नाही." तरीही दुरुस्ती आली ती 'श्रीमती अनिला' अशी. हे मला नवल वाटण्याचे कारण नव्हते. संस्कृत व्याकरणातल्या उणादिसूत्रांत 'इलच्' हा प्रत्यय लागून होणारे शब्द एकाच सूत्रात सांगितले आहेत; त्यांत सलिल आहे, अनिल आहे, आणि लगेच पुढे महिलाही आहे. गृहस्थ एक घर चुकले होते, इतकेच.

चौथा अर्ज बायकोने भरला आहे. तिने तो दाखल केला, पोच घेतली आणि पोचपावती माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर अर्जदाराचे नाव सुनील आहे.