लिगामेंटच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांत मॅटवर? तो मेसेज पुढे पाठवू नका

परळ-लालबागच्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं नि नडगीचं हाड बांधणारं लिगामेंट, तुटला तर मांडीची नस काढू देऊ नका, पाय कायमचा अधू होतो, त्यापेक्षा सिंथेटिक लिगामेंट टाका आणि तीन महिन्यांत मॅटवर उतरा. माझ्या उजव्या गुडघ्याचं हेच ऑपरेशन झालंय म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ती नस नसतेच, टेंडन असतं, स्नायूला हाडाशी बांधणारं. हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंची, एक-दोन काढून दुमडतात, जाड पदर करतात आणि मांडीच्या नि नडगीच्या हाडात बोगदे पाडून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवतात, माझ्यात वर बटण आहे नि खाली स्क्रू. गुडघ्याखाली आतल्या बाजूला दोन पेरांएवढा व्रण आहे, तिथूनच काढलं. पाय मागे दुमडायची ताकद थोडी कमी होते हे खरंय, पण व्यायामाने बरीच भरून येते, आणि बऱ्याच जणांत ते टेंडन परत वाढतंसुद्धा. वाटीखालचं टेंडनही घेतात, पण मग गुडघे टेकून बसताना दुखू शकतं, सर्जनला हे आधीच विचारा.

सिंथेटिकचं म्हणाल तर 1980च्या दशकातच करून झालंय, गोअर-टेक्स, डेक्रॉन, कार्बन फायबर सगळं. घासून कण सुटायचे, गुडघा सुजायचा, कित्येकांचं तुटायचं.

आणि तीन महिने! इथे मला खरंच राग येतो. बसवलेल्या टेंडनला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ते ऑपरेशनच्या दिवशी होतं त्याहून कमजोर होतं, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखत नाही, दादरचा पूल कठडा न धरता चढता येतो, म्हणून वाटतं झालो बरे. 2016 साली आलेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितकं लांबवलं तितका दर महिन्यामागे परत दुखापतीचा धोका साधारण निम्मा झाला. नऊ महिने झाले तरी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्यायची, नुसतं कॅलेंडर बघायचं नाही.

आमच्या मंडळातला एक पोरगा चौथ्या महिन्यात प्रॅक्टिसला उतरला, फिजिओ नको म्हणत असताना. बोनस घ्यायला पाय टाकला, वळला, आणि टक्कन आवाज झाला तो मी लॉबीबाहेर उभी राहून ऐकला. दुसऱ्या ऑपरेशनला टेंडन डाव्या पायाचं काढावं लागलं त्याचं.