ओळखलंत, मग सांगितलं का नाही?

आज सकाळी नाण्यांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी स्क्रीनशॉट टाकला. ऑनलाइन लिलावात डिचोलीकडच्या कुणा पोराने 'आजीचे जुने रुपये, चांदीचे' म्हणून लॉट लावला होता. ह्यांनी फोटो मोठा केला, १८६२ च्या एका राणीछापावरची (व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावरची) टिंबं मोजली आणि चांदीच्या भावात अख्खा लॉट उचलला. खाली अभिनंदनाचा पाऊस. 'काय नजर आहे सर!' 'पार्टी पाहिजे!'

नजर आहेच, नाही म्हणत नाही. १८६२ चा रुपया त्याच साली पाडलेला असतो असं नाही. पुढे १८७४ पर्यंत ठशावर तोच सन ठेवला होता, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरं साल कळावं म्हणून बारीक टिंबं दिली. काही टिंबांचे रुपये ढिगाने मिळतात, काही शोधून सापडत नाहीत. अंधुक फोटोत टिंब कुठलं आणि मळ कुठला, हे कळायला डोळा लागतो.

पण त्या पोराला एका ओळीने सांगायला काय जात होतं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी मांडून बसणारे एक काका होते. कॉलेजात असताना मी तिथे घुटमळायचो. एकदा पेडण्याकडची एक बाई रुमालात रुपये बांधून आली, सोनाराकडे मोडण्याआधी भाव विचारायला. बहुतेक लुईस राजाचे, १८८१-८२ चे. (छाप पोर्तुगीज राजाची, पण वजन ब्रिटिश रुपयाइतकंच, ११.६६ ग्रॅम. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहाची करामत.) त्यात एक राणीछाप होता. काकांनी भिंग लावलं, बोटाने रुपया फिरवला, परत भिंग लावलं आणि म्हणाले, "हो रुपया सोनाराक दिवं नाका गो बाय. हाचेर तिबे आसात." तिबे म्हणजे टिंबं. मग भिंग तिच्याच हातात दिलं.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं?

हो, दुकानदाराचा माल असेल तर गोष्ट वेगळी. त्याने आपला माल स्वतः ओळखावा, तिथे मीही तोंड उघडणार नाही. आणि अभ्यास फुकट येत नाही, हेही खरं. पण घरातला डबा उघडून बसलेल्या पोराशी कसली स्पर्धा करता? त्याला व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांत जातं. त्या थापेवर तो रात्र जागवतो, आणि खरी वस्तू तुम्ही किलोच्या हिशेबाने नेता. वर फुशारकी! तुम्हाला लाज वाटत नाही म्हणून लिहितोय, नाहीतर गप्प बसलो असतो.

काकांनी तो रुपया शेवटी स्वतःच घेतला, चांदीच्या कितीतरी वर पैसे मोजून. तोटा झाला म्हणता? पुढच्याच शुक्रवारी ती बाई नणंदेला घेऊन आली, तिच्या डब्यासकट.

असो. राग थोडा उतरलाय. घरात जुने रुपये असतील तर विकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, सन आणि त्याच्या आसपासची जागा स्पष्ट येऊ द्या, आणि मला किंवा माहितगार कुणालाही दाखवा. मी विकत मागणार नाही. आणि देवाशप्पथ, चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.