वाघ दिसला नाही, तरी शीर्षक तेच राहील : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

काका म्हणते, कारण माझ्याच वयाची मुलगी तुम्हाला आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. 'सांगली ते सांगली : हिवाळ्यातली वन्यजीव भटकंती' या माझ्या लेखावर ती आली आहे. भिलवडी, सागरेश्वर, विटा, मायणी, येरळवाडी, सातारा, बामणोली, पाटण, कोयनानगर, कराड, शिराळा, चांदोली असा वळसा मी एकटीने गाडीने घातला, त्याची ती हकिगत. काकांचं म्हणणं असं : वाघ नाही, बिबट्या नाही, मग वन्यजीव कसले? शीर्षक फसवं आहे, ते बदला. सागरेश्वर म्हणजे कुंपण घालून वाढवलेली बाग, तिला चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या पंक्तीला बसवू नका. हंसांची नेमकी जागा सांगितली नाही हा कोतेपणा आहे. एकट्या बाईने आडरानात गाडी घेऊन जाणं ही बेफिकिरी आहे. आणि खरं जंगल बघायचं असेल तर ताडोब्याला जा.

सागरेश्वरपासून सुरुवात करते, कारण ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

देवराष्ट्रे आणि ताकारीच्या मधला तो डोंगर एकेकाळी बोडका होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती तुम्हाला तिथलं तापलेलं माळरान डोळ्यांपुढे उभं करून दाखवतील. मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते, स्वातंत्र्यचळवळीतून आलेला माणूस, त्या डोंगरावर झाडं लावायच्या मागे लागला. वनखात्याला, पुढाऱ्यांना, गावकऱ्यांना त्यांनी या कामात ओढलं. हरणं आणून सोडली गेली, ती वाढली, आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघं 10.87 चौरस किलोमीटर. ताडोब्याहून आलेल्या माणसाला ते टिचभर वाटणार हे मला कळतं. पण या पट्ट्यात पाऊस किती पडतो ते बघा. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत आटून जातो. खाली कृष्णेकाठी हिरवागार ऊस दिसतो तो नदीच्या आणि उपसा योजनांच्या पाण्यावर. डोंगराला ते पाणी नाही. अशा ठिकाणी झाड लावणं सोपं असतं, ते चार उन्हाळे जगवणं अवघड असतं. तिथे आज सांबर आहे, चितळ आहे, काळवीट आहे, मोर तर पावलोपावली. हे सगळं माणसांनी ठरवून केलं, म्हणून त्याची किंमत कमी होते असं मला अजिबात वाटत नाही. उलट सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत कुठल्या जंगलाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो असं कुणी विचारलं तर मी सागरेश्वरचं नाव घेईन. कोयना आपल्याला मिळाली. सागरेश्वर आपण केलं.

आता कुंपणाबद्दल. हो, कुंपण आहे. डोंगराच्या पायथ्याला लागून शेतं आहेत. कुंपण जिथे तुटतं तिथून सांबरं रात्री बाहेर पडतात आणि शाळू, हरभरा, ऊस जे मिळेल ते खातात. सकाळी शेतकरी येऊन बघतो तर रान तुडवलेलं. कडेगाव आणि वाळवा बाजूच्या शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. तेव्हा ती जाळी फक्त हरणांना डांबायला नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना जीव आहे आणि दोघांचंही पोट त्याच जमिनीवर आहे. मी घाटात थांबले होते तेव्हा पहाटेचं धुकं अजून खालच्या उसावर पसरलेलं होतं. वर उन्हात सांबराच्या माद्या उभ्या होत्या, कान माझ्याकडे वळवून. मला त्यात बाग दिसली नाही, काका.

आणि एक गोष्ट कदाचित तुमच्या वाचनात आली नसेल. चांदोलीत वाघाला पुरेसं भक्ष्य हवं म्हणून सागरेश्वरातली चितळं पकडून तिकडे नेण्याचं काम वनविभागाने हाती घेतलं. म्हणजे ज्या 'बागे'ला चांदोलीच्या पंक्तीला बसवू नका असं तुम्ही म्हणता, तिथली हरणं चांदोलीला जाऊन तिथल्या वाघांची शिदोरी होणार आहेत.

वाघाचा विषय निघालाच आहे तर ताडोब्याबद्दलही बोलते. ताडोबा थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये जाहीर झाला तो इथे वाघ भरपूर आहेत म्हणून नव्हे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जे सलग रान होतं ते वाघाला परत यायला मोकळं राहावं म्हणून. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून 1165 चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र. सदाहरित दाट झाडी, खोल दऱ्या, माथ्यावर कातळाचे सडे, म्हणजे सपाट उघडी पठारं. इथे जिप्सीत बसून तासाभरात वाघ दिसेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बरीच वर्षं इथे वाघ म्हणजे पाऊलखुणा, विष्ठा आणि अधूनमधून कॅमेऱ्यात आलेला एखादा नर. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली. तुम्ही मला ताडोब्याला जायला सांगताय आणि ताडोब्याची वाघीण इकडे राहायला आली आहे. तिला इथे सुखाने पिल्लं व्हावीत एवढीच माझी इच्छा आहे. ती मला दिसावी असा हट्ट मी धरणार नाही, आणि ती दिसली नाही म्हणून माझी फेरी फुकट गेली असंही मानणार नाही.

बिबट्या दिसला नाही हे खरं. पण बिबट्याबद्दल लेखात मी जे लिहिलं ते तुम्ही बहुधा ओलांडून गेलात. हिवाळा म्हणजे आमच्याकडे ऊसतोड. कारखाने सुरू झाले की कराड, पाटण, वाळवा, शिराळा या पट्ट्यात दरवर्षी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मादीला उसासारखी दाट, थंड, शांत जागा मिळते. ती तिथे विते आणि तोडणी टोळी कोयते घेऊन तिथवर पोहोचते तेव्हा पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले असतात. अशा वेळी काम थांबवलं जातं, वनविभागाची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी परत ठेवतात. मग लांबून, कॅमेऱ्यावर वाट बघायची. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. बहुतेक वेळा येतेच. ज्या मजुरांची रोजी त्या फडावर आहे तेच त्या दिवशी कोयता खाली ठेवतात. मला सांगा, हे वन्यजीवन नाही तर काय आहे? त्याला फाटक नाही, तिकीट नाही, एवढाच फरक.

गव्याचंही तसंच. 2021 च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, हे सांगलीकर विसरलेले नाहीत. हळदीच्या पेठेत एवढं थोरलं जनावर! वनविभागाने त्याला धरून परत रानात सोडलं. कृष्णेत भिलवडी, औदुंबरच्या बाजूला हिवाळ्यात मगरी काठावर उन्हाला पडलेल्या असतात, आणि त्याच काठावर माणसं पाण्याच्या मोटारी चालू करायला आणि जनावरं धुवायला उतरतात. मगरीने माणूस ओढल्याच्या घटना झाल्या आहेत, त्यामुळे यात मला काही गोंडस दिसत नाही. पण वन्यजीव बघायला निघालेल्या माणसाने कृष्णेचा काठ सोडून थेट अभयारण्याच्या फाटकाकडे जावं, हे मला पटत नाही. म्हणून मी भटकंतीची सुरुवातच तिथून केली.

आता हंस. पट्टकदंब हे त्यांचं नाव. डोक्यावर दोन काळे पट्टे, पाठ राखाडी. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते आपल्या दुष्काळी माण-खटावच्या तलावांवर येतात आणि थंडी सरली की परततात. मायणी आणि येरळवाडी ही नावं मी लेखात दिली आहेतच, ती जगाला माहीत आहेत. मायणीला 2021 मध्ये 'संवर्धन राखीव', म्हणजे कायद्याने संरक्षित क्षेत्राचा दर्जाही मिळाला. मी दिलं नाही ते एवढंच, की त्या दिवशी थवा कुठल्या तलावाच्या कुठल्या कडेला बसला होता. ते मी पुढेही देणार नाही.

कारण सांगते. हे पक्षी बरेचदा रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. दिवसाची ती विश्रांती मोडली की उठावं लागतं, घिरट्या घालाव्या लागतात, दुसरी जागा शोधावी लागते. परतीच्या उड्डाणासाठी अंगात साठवलेली चरबी त्यात जळते. मी तिथे असताना एक गाडी तलावाच्या ओल्या कडेपर्यंत आली, दार आपटलं, आणि सगळा थवा उठला. उडतानाचा फोटो छान येतो, म्हणून तो मुद्दाम उठवणारेही मी पाहिलेत. आजकाल एका फोटोखाली जागा लिहिली की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. तुम्हाला यात कोतेपणा दिसला. तुम्ही स्वतः जाऊन शांतपणे बघाल याबद्दल मला शंका नाही. पण लेख सगळेच वाचतात. तुम्हाला हंस बघायचे असतील तर मायणीला किंवा वडूजला सकाळी चहाच्या टपरीवर विचारा. तलावाकाठी ज्यांची शेतं आहेत ती माणसं आनंदाने सांगतात, आणि कुठवर जायचं हेही सांगतात. वाटेत माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी दिसेल, जमिनीलगत पंख न हलवता तरंगत जाणारा. तळ्यात चक्रवाक, थापट्या, शेकाट्या. रोहित (फ्लेमिंगो) आले तर नशीब समजा. मायणीत पूर्वी ते मोठ्या संख्येने येत, गाळ साठला, पाणी कमी झालं आणि ते येरळवाडीकडे सरकले.

एकटीने जाण्याबद्दल फार लिहीत नाही. मुक्कामाची ठिकाणं आधी ठरलेली होती, घरी रोजचा रस्ता माहीत होता, अंधार पडण्याआधी मी गावात असायची. कोयनानगरच्या पुढे नवजाकडे आणि चांदोलीच्या बाजूला फोनला रेंज जाते, म्हणून पेट्रोल आणि निरोप दोन्ही पाटणला आणि शिराळ्याला उरकले. या दिवसांतला खरा धोका रानात नाही, रस्त्यावर आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पहाटे कृष्णाकाठचं धुकं. बाई असो की बाप्या, हिवाळ्यात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते. एकटं असण्याचा फायदा मात्र मोठा आहे. तलावाकाठी इंजिन बंद करून तासभर बसलं तरी 'चला आता' म्हणणारं कुणी नसतं. वासोटा किल्ल्याच्या वाटेवर शेकरू दिसलं ते मी थांबून राहिले म्हणून. आवाज करणारा घोळका पुढे निघून गेला, पाचोळा शांत झाला, आणि मग ते वरच्या फांदीवरून खाली आलं.

तेव्हा शीर्षक मी बदलणार नाही. सांबर, चितळ, गवा, शेकरू, मगर, हंस, भोवत्या हे सगळे वन्यजीव आहेत आणि ते मला सांगली-साताऱ्याच्या एका वळशात भेटले.

तुम्ही शेवटी विचारलंय की फेब्रुवारीत सज्जनगडला येणार आहात, तर वासोटा जोडून होईल का. होईल, पण त्यासाठी वेगळा अख्खा दिवस ठेवा. कासवरून बामणोलीला सकाळी लवकर पोहोचा. वनविभागाची परवानगी आणि बोट दोन्ही घ्यावी लागते, शिवसागर जलाशय ओलांडायलाच तासाहून जास्त जातो, आणि गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळपर्यंत परतावं लागतं. दुपारी पोहोचलात तर किल्ला होणार नाही. चढ दमवणारा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर नुसता बोटीचा फेरा करा, तोही छान आहे. पिण्याचं पाणी सोबत ठेवा आणि रिकामी बाटली परत आणा. आणि परतीच्या वाटेवर मायणीचा फाटा घेतलात तर मला जरूर कळवा. मुलीलाही घेऊन या.