चेंबरमध्ये बसलं म्हणून ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्वरचं होत नाही

गणपतीला चाकरमानी गावी आले, बंद घरं उघडली, माळे झाडले गेले की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा : पणजोबांचं रिव्हॉल्वर सापडलं तर घाबरू नका. शंभर वर्षांवरचं हत्यार ‘अँटिक’, त्याला परवाना लागत नाही. किनाऱ्यावरच्या घरांतली बहुतेक रिव्हॉल्वरं आंग्र्यांच्या आरमारातली आहेत. त्यावर कोरलेला आकडा हाच त्याचा बोअर, म्हणजे नळीचं माप. आकडा पुसला असेल तर जे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात, सहज बसेल ते त्याचं. आणि ‘पॉइंट थर्टी टू’ (.३२) सगळी सारखीच.

यातला एकही दावा टिकत नाही. पहिल्यावर विश्वास ठेवणारा कोर्टात उभा राहील, शेवटच्या दोनांवर विश्वास ठेवणाऱ्याची बोटं किंवा डोळा जाईल. मेसेज पुढे पाठवणारी माणसं आपलीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आंग्र्यांचा मुद्दा लवकर निकाली निघतो. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. सॅम्युएल कोल्टनं आपल्या फिरत्या सिलिंडरच्या हत्याराचं अमेरिकी पेटंट घेतलं १८३६ साली. आरमाराकडे पिस्तुलं होती ती गारगोटीच्या ठिणगीनं उडणारी, एका वेळी एकच बार काढणारी. तुमच्या पेटाऱ्यातलं रिव्हॉल्वर बहुधा फौजेत किंवा पोलिसांत नोकरी केलेल्या पूर्वजानं आणलेलं, नाहीतर मुंबईच्या दुकानातून परवान्यावर घेतलेलं असतं. त्यामुळे हत्याराआधी जुन्या कागदांत परवान्याचं पुस्तक शोधा. त्यात बोअर आणि हत्याराचा नंबर लिहिलेला असतो, आणि ओळख पटवायला याहून चांगली सुरुवात नाही.

शंभर वर्षांचा आकडा १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यातून उचललेला आहे. त्या कायद्यानं शंभर वर्षांची वस्तू ‘पुरावशेष’ ठरते आणि तिच्या विक्रीवर, परदेशी नेण्यावर बंधनं येतात. हत्यार बाळगायची मुभा त्यातून मिळत नाही. ते ठरवतो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सवलत आहे, पण वयावर नाही. अट अशी की दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. १९१५ चं वेब्ली (इंग्रजी कंपनीचं रिव्हॉल्वर) तेलपाणी केलं की आजही गोळी झाडू शकतं. मग सवलत कुठली? परवान्याशिवाय नुसतं काडतूस जवळ ठेवणं हाही गुन्हाच आहे.

‘घरात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, त्यात भागेल’ असंही या मेसेजखाली कोणीतरी लिहितोच. नाही भागत. डुकरा-माकडांसाठी मिळणारा तो परवाना ठासणीच्या नाहीतर लांब नळीच्या बंदुकीचा असतो. रिव्हॉल्वरची गोष्ट वेगळी.

आता आकड्यांकडे. आपल्याकडे बारा बोअरची बंदूक सगळ्यांना माहीत आहे. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोअर. १८५० च्या दशकातली इंग्रजी अ‍ॅडम्स रिव्हॉल्वरं याच हिशेबानं मोजली जात. ५४ बोअर म्हणजे साधारण ०.४४२ इंच, आणि ३८ बोअर म्हणजे जवळपास अर्धा इंच. त्या ३८ चा ‘पॉइंट थर्टी एट’शी काहीही संबंध नाही. शिवाय मुळातली ही रिव्हॉल्वरं टोपीची आहेत, समोरून दारू आणि गोळी भरून मागे ठिणगीची टोपी बसवायची. त्यांचं काडतूस शोधणंच चूक.

पुढच्या काळातले आकडेही तितकेच फसवे. वेब्ली मार्क फोरवर ‘.३८’च्या जोडीला ‘१४५/२००’ असं दिसतं. ते गोळीचं ग्रेन या इंग्रजी मापातलं वजन आहे. त्याच हत्याराच्या लष्करी काडतुसाला ‘.३८०’ म्हणत. दुकानात ‘थ्री एटी’ मागितलं तर समोर येईल ते पिस्तुलाचं .३८० ऑटो, पूर्ण वेगळं काडतूस. .३८ स्पेशलही याचं नाही. त्याची गोळी या हत्याराच्या खऱ्या काडतुसापेक्षा, म्हणजे .३८ स्मिथ अँड वेसनपेक्षा बारीक, केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) बरीच लांब आणि दाब जास्त. नुसतं ‘वेब्ली’ हे नाव वाचून .४५५ ठरवणारेही भेटतात. वेब्लीनं .३२, .३८, .४४२, .४५० अशा अनेक मापांत रिव्हॉल्वरं बनवली. ‘पी. वेब्ली अँड सन’ असं नाव असेल तर हत्यार बहुधा १८९७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनी ‘वेब्ली अँड स्कॉट’ झाली. आणि .४५५ हे मापही एकाच काडतुसाचं नाही. रिव्हॉल्वरचं वेगळं, १९१२ च्या सेल्फ-लोडिंग (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलाचं वेगळं.

सगळ्यात घातक दावा ‘बसलं म्हणजे त्याचंच’ हा आहे. भारतात तो .३२ च्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ घालतो, कारण आपल्याकडे याच मापाची दोन काडतुसं विकली जातात आणि बोलताना दोन्हींना एकच नाव आहे. एक रिव्हॉल्वरचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. दुसरं पिस्तुलाचं, .३२ ऑटो म्हणजे ७.६५ मिलिमीटर. दोन्हींच्या केसची जाडी जवळजवळ सारखी. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी बारीकशी कडा असते, ती रिव्हॉल्वरच्या चेंबरच्या तोंडाशी अडते आणि काडतूस छान बसल्यासारखं दिसतं. घोडा पडला तर ते उडतंही. पण रिव्हॉल्वरच्या काडतुसासाठी ठरलेला कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड, आणि पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५००. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पोलादावर, खाऱ्या हवेनं आतून खड्डे पडलेल्या सिलिंडरवर हा जादा दाब येतो. एकदा काही होत नाही, दोनदा होत नाही, आणि लोक त्यालाच पुरावा मानतात. पण पोलादाला पडलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही.

भर म्हणजे दारूचा फरक. १८८० च्या आसपासची बरीच रिव्हॉल्वरं काळ्या दारूसाठी बनलेली होती. बिनधुराची दारू नंतर आली. माप तेच, नाव तेच, तरी आजचं काडतूस त्या जुन्या हत्यारासाठी नाही. याचा अंदाज प्रूफच्या, म्हणजे हत्यार तपासून मारलेल्या शिक्क्यांवरून येतो. मुकुटाखाली ‘एनपी’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर हत्यार बिनधुराच्या दारूवर तपासलेलं आहे. अंडाकृतीत ‘ईएलजी’ असेल तर ते बेल्जियममधल्या लिएजचं. इंग्रजी बुलडॉगच्या (आखूड नळीच्या खिशातल्या रिव्हॉल्वरच्या) हजारो नकला तिथे झाल्या, आणि इंग्रजी वाटणारं नाव कोरलेलं असूनही हत्यार बेल्जियन निघतं. बाणाच्या फाळासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्यात ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची.

खरं माप कळतं ते चेंबरचा साचा घेऊन. परवानाधारक आर्मरर (हत्यारांचा कारागीर) कमी तापमानाला वितळणारा धातू चेंबरमध्ये ओततो, निघालेला तुकडा मोजतो, मग नळीतून मऊ शिसं सारून नळीच्या आतल्या पिळदार खाचांचं माप घेतो. चेंबरची लांबी, आतली पायरी, बुडाची खाच, हे सगळं जुळल्यावरच तो काडतुसाचं नाव घेतो. व्हर्नियर कॅलिपरनं नळीचं तोंड मोजून हे होत नाही. आणि पुष्कळदा सगळं जुळूनही तो सांगतो की हे आता झाडू नका. तेव्हा त्याचं ऐका.

हत्यार सापडलं तर ते भरलेलं आहे असंच धरून चाला. गंजलेला सिलिंडर जोर लावून फिरवू नका, घोडा ओढून बघू नका, तेलही घालू नका. आहे त्या जागी खोली बंद करा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करून कुठे, कसं जमा करायचं ते विचारा. पिशवीत घालून एसटीनं निघू नका. विनापरवाना नेणं हाच गुन्हा होतो. कलम २१ प्रमाणे हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं. पावती घ्या, तिच्यावर नंबर आणि शिक्के लिहून घ्या.

जमा केलं म्हणजे घराण्याची वस्तू गेली असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली मयत परवानाधारकाच्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. जुनं परवाना पुस्तक सापडलं असेल तर ते इथेच कामाला येतं. .३८ आणि .४५५ हे प्रतिबंधित बोअर मानले जातात, त्यांचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, म्हणून माप नक्की ठरलेलं असणं अर्जासाठीही महत्त्वाचं आहे. रिव्हॉल्वरसोबत डब्यात जुनी काडतुसं मिळाली तर त्यांच्यावरून माप ठरवू नका. दोन वेगवेगळ्या हत्यारांची काडतुसं एकाच डब्यात पडलेली असू शकतात. ती डब्यासकट, न हाताळता, रिव्हॉल्वरबरोबरच जमा करा.